पूल नाही तिथे सायकल: गोव्यातल्या शांत रस्त्यांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गोव्यात सायकल चालवायची म्हटलं की बाहेरून येणारे थेट कळंगुट-बागाच्या रस्त्याला लागतात, रेंटच्या स्कुटर, टॅक्सी आणि उघड्या जीपच्या गर्दीतून अर्धा तास जीव मुठीत धरून फिरतात आणि मग सांगत सुटतात की गोव्यात सायकलिंग करण्यासारखं काही राहिलं नाही. अहो आहे, भरपूर आहे, पण त्यासाठी समुद्राकडे पाठ करावी लागते. मी डिचोलीची, नोकरी पणजीत, आणि माझं बहुतेक सायकलिंग मांडवीच्या काठाकाठानेच होतं, त्यामुळे इथे जे सांगतेय ते मुख्यतः त्याच पट्ट्यातलं.

शांत रस्ता शोधायची माझी पद्धत सोपी आहे. नकाशा उघडायचा आणि नदीपलीकडचं असं गाव शोधायचं जिथे जायला फेरीबोट लागते. पूल झाला की त्यावरून ट्रक येतो, टिप्पर येतो, शॉर्टकट शोधणारा प्रत्येक जण येतो. फेरीत मात्र मोजक्याच गाड्या मावतात, त्या उतरल्या की दोन मिनिटांत भुर्रकन पुढे निघून जातात आणि मग पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा. किलोमीटर किती, चढ किती, सीनरी कशी हे सगळं नंतर, आधी फेरी बघा.

आणि हो, "तिथे वाइन टूरसारखं काही असतं का" असं पुण्या-मुंबईची मंडळी हमखास विचारतात. नाशिकला द्राक्षाच्या मळ्यांतून सायकल दामटत वायनरीपर्यंत जाता येतं, आमच्याकडे द्राक्ष पिकत नाही, दुकानात पोर्ट वाइनच्या बाटल्या रांगेने दिसतात त्यांची द्राक्षंही बाहेरूनच येतात. आमचा काजू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं झाड, आता ते डिचोली-सत्तरीच्या डोंगरांवर असं माजलंय की इथलंच वाटावं, आणि त्याच्या बोंडूपासून, म्हणजे फळापासून होणाऱ्या फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. काजूच्या सीझनमध्ये सत्तरीतल्या रस्त्यांना जो वास असतो तो कुठल्याही मळ्यात मिळायचा नाही. त्या रस्त्याचं पुढे सांगते, आधी तयारी.

आधी महिना आणि तास ठरवा

पहिल्यांदाच येत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, सकाळी चक्क गार वारं, शेतात नदीवरून आलेलं धुकं. मार्च ते मे काजूचा सीझन, बघण्यासारखं सगळ्यात जास्त तेव्हाच असतं पण उकाडा जीव काढतो, इथे तापमानापेक्षा दमटपणा मारतो, घाम येतो पण वाळत नाही. त्या दिवसांत साडेनऊनंतर सायकलवर असूच नका, सरळ सांगते.

तासाचं म्हणाल तर उजाडताना निघायचं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, मे महिन्यात सहालाच. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी आठ ते साडेनऊ या वेळेत चोडण बेटावरून रायबंदरला येणाऱ्या फेरीवर पणजीला कामाला येणाऱ्यांची झुंबड असते, डिचोलीकडचे पुष्कळ लोक याच वाटेने येतात आणि त्या गर्दीत हातात सायकल घेऊन उभं राहणं म्हणजे चारी बाजूंनी स्कुटरचे सायलेन्सर पायाला. तुम्ही उलट दिशेने, म्हणजे पणजीकडून बेटाकडे जात असाल तर इतका त्रास नाही, पण उतरताना समोर हा सगळा लोंढा उभा असतो हे लक्षात ठेवा. रविवारी सकाळी साडेसहाची वेळ माझ्या मते सर्वात छान, चर्चमधली मिस (प्रार्थना) सुरू व्हायच्या आधी गाव अर्धवट जागं असतं.

आणखी एक, वाऱ्याचं. उन्हाळ्यात साधारण अकरानंतर समुद्राकडून वारं सुटतं आणि तुम्हाला पणजीला परतायचं असतं नेमकं समुद्राच्याच दिशेने. नकाशावर सपाट दिसणारे शेवटचे आठ-दहा किलोमीटर तेव्हा घाटासारखे लागतात. लवकर निघा, लवकर परता.

सायकल कसली, सोबत काय

पातळ टायरची रेसर आणलीत तर चालेल, पण मजा येणार नाही. गावातले रस्ते डांबरी आहेत, बरेचसे चांगलेही आहेत, तरी कडेला चिऱ्याचा लाल चुरा पसरलेला असतो आणि वळणावर त्याच्यावरून टायर सरकतो. हायब्रिड किंवा थोडे जाड टायर, ३२ मिलिमीटरच्या पुढचे, हवा अगदी दगडासारखी टणक न भरता. गिअर हवेत, कारण बेटं सपाट असली तरी मध्ये टेकडी असतेच आणि गोव्यातली चर्चं आणि पठारं टेकडीवरच असतात.

स्पेअर ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या. हे मी दहा वेळा सांगते आणि लोक हसतात, पण पंक्चर झाल्यावर सायकल ढकलत फेरीपर्यंत यायचं, पलीकडे जायचं आणि मग दुकान उघडायची वाट बघायची, हा उद्योग रविवारी सकाळी कोण करणार. पाणी दोन बाटल्या, एकात ओआरएस किंवा घरचं लिंबू-मीठ-साखर. सुटे पैसे ठेवा, चहा-भजीच्या गाड्यावर सकाळी सकाळी पाचशेची नोट काढलीत तर गाडेवाला तुमच्याकडे अशा नजरेने बघेल की चहा कडू लागेल. पुढे-मागे लाइट, हेल्मेट, हे काय वेगळं सांगायचं.

सायकल स्वतःची आणायची तर कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन सोयीचं. ओल्ड गोवा तिथून तीन-चार किलोमीटरवर आहे आणि दिवाडी बेटाची एक फेरी ओल्ड गोव्यातूनही सुटते, म्हणजे गाडीतून उतरून तासाभरात तुम्ही बेटावर. स्टेशनला लागूनच करमळीचं तळं आहे, थंडीत पक्ष्यांनी भरलेलं असतं, सायकल जोडता जोडता तेही बघून होतं. सायकल पार्सल ऑफिसात आधी बुक करावी लागते, पुढचं चाक काढून बॅगेत भरलेली असली तर सगळ्यांनाच बरं. भाड्याने घेणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या आणि ब्रेक ओढून बघा, चेन बघा, सीटची उंची तिथेच लावून घ्या.

फेरीत चढायचं कसं

हा भाग नवख्यांना क्षुल्लक वाटतो पण पडतात ते इथेच. बोट धक्क्याला लागली की लोखंडी रॅम्प खडखडत खाली येतो. त्या पत्र्यावर पाणी, ऑइल, चिखल सगळं असतं, आणि ओहोटी असेल तर रॅम्पचा उतार बराच तिरका होतो. सायकलवर बसून चढू नका, उतरा, हँडल धरून चालत जा. धक्क्याच्या उताराचा पाण्याजवळचा भाग शेवाळलेला असतो, पेडलला अडकणारे क्लीटवाले बूट घातलेत तर तिथे घसरणार हे ठरलेलंच. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, मग गाड्या चढू द्यायच्या, सायकलवाल्याने शेवटी चढून कडेच्या कठड्याला टेकून उभं राहायचं. खलाशी हात करून जागा दाखवतात, ते सांगतील तिथेच उभे राहा. पलीकडे पोचल्यावर उलट करा: सगळ्या स्कुटर जाऊ द्या, मग तुम्ही. दोन मिनिटं थांबलात की पुढचा सगळा रस्ता रिकामा मिळतो, हीच तर फेरीची खरी कमाई.

रायबंदरहून चोडणलाही बोट जाते आणि दिवाडीलाही, त्यामुळे चढण्याआधी विचारून घ्या. कुणीतरी "खंय वता?" (कुठे जाताय?) म्हणून स्वतःहूनच विचारेल, आणि मराठीत उत्तर दिलंत तरी काही अडत नाही, डिचोली-पेडण्याची अर्धी बोट मराठीच बोलत असते.

पहिला दिवस: फक्त दिवाडी

पहिल्याच दिवशी मोठा फेरफटका मारायचा हट्ट नको. पणजीतून निघालात तर पाटोचा पूल ओलांडून रायबंदरच्या बांधावर या. हा तीनेक किलोमीटरचा बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. सकाळी सातच्या आत इथून जाणं सुख आहे, नंतर बसेस सुरू होतात आणि रस्ता अरुंद. रायबंदर गावातली वळणं आंधळी आहेत, घंटी वाजवत जा.

दिवाडीच्या धक्क्यावर उतरलं की रस्ता सरळ शेतातून जातो. दोन्हीकडे खाजन, म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवरची शेतं, बांध घालून खाऱ्या नदीपासून राखलेली. इथे जरा उतरा आणि मानस बघा. बांधात बसवलेली लाकडी दारं असतात, भरतीचं पाणी वर आलं की बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना मोटर ना बटण, कित्येक शतकं असंच चाललंय. वेळ साधली तर दार उघडताना दिसेल: आधी फटीतून बारीक धार, मग लाकूड किंचित कुरकुरतं आणि मग एकदम पाणी फेसाळत सुटतं, आणि त्या तोंडाशी जाळं लावून कुणीतरी मासळीची वाट बघत बसलेला असतो. या खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात पूर्वी सगळीकडे व्हायचं, लाल तांदूळ, पेज त्याचीच करावी.

शेत संपलं की पिएदादचा चढ सुरू होतो. लहान आहे पण तिरका आहे, खालचा गिअर आधीच टाका, मधेच टाकायला गेलात तर चेन कुरकुरेल. वर चर्चच्या आवारातून मांडवीचा सगळा पसारा दिसतो, पलीकडे ओल्ड गोव्याची चर्चं झाडांतून डोकी वर काढून. मग खाली गोलतीकडे, मळारकडे, जिकडे वाटेल तिकडे वळा. बेट आहे, हरवून हरवून कुठे हरवणार, शेवटी पाणीच लागेल.

सकाळी कुठल्याही वळणावर पोदेर भेटतो, सायकलवरचा पाववाला, पावाची भलीमोठी टोपली मागे बांधलेली, रबरी हॉर्न पों-पों वाजवत. नवख्यांना माझा खरा सल्ला हा, की रस्ता निवडताना पोदेर कुठून जातो ते बघा. एवढं ओझं घेऊन रोज फिरणारा माणूस उगाच चढाच्या वाटेने जात नाही, त्याला गावातली प्रत्येक सपाट बोळ माहीत असते. दोन पोळ्या विकत घ्या, चपाती नव्हे, इथला कोंड्याचा पाव, त्या गरम पोळ्या नुसत्यासुद्धा छान लागतात. तिथून ओल्ड गोव्याच्या फेरीने बाहेर पडा आणि नदीकाठाने परत पणजी. एवढं पुरे, पंचवीसेक किलोमीटर होतात.

दुसरा दिवस: चोडण, मये, नार्वे आणि परत दिवाडी

हा माझा सर्वात आवडता फेरफटका, पणजीतून निघून परत यायला चाळीसच्या आसपास किलोमीटर, दोन फेरीबोटींऐवजी तीन लागतात आणि तिन्ही वेगळ्या वाटतात. रायबंदरहून चोडणला उतरलात की डाव्या हाताला लगेच सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी, पण सकाळी ओहोटीला चिखलावर काय काय चाललेलं असतं, उड्या मारणारे मासे, खेकडे, खंड्या, नशीब असेल तर पाणमांजरंही. सायकल बाहेर लावा, तिकीट काढा, चालत आत जा. घाई असेल तर हे सोडून द्या, पळत पळत बघण्यासारखी जागा नाही ती.

चोडण गाव लांबट आहे, जुनी घरं, मोठाले व्हरांडे, आंब्याची झाडं. मधल्या भागात थोडे चढ-उतार, मग पूर्वेकडे परत शेतं आणि पुढे पूल ओलांडून मये. हो, इथे पूल आहे, माझ्या नियमाला हा अपवाद, म्हणून चोडणच्या मुख्य रस्त्यावर दिवाडीपेक्षा गाड्या जास्त असतात. एक सावधगिरीची गोष्ट: डिचोली-मयेचा सगळा पट्टा खाणींचा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि आता टप्प्याटप्प्याने सुरू होताहेत, त्यामुळे कुठल्या रस्त्यावर ट्रक धावत असतील ते स्थानिकांना विचारून घ्या. ट्रक मागून आला तर शूरपणा न दाखवता कडेला उतरून उभं राहायचं, जाऊ द्यायचा, धूळ बसली की निघायचं.

मयेचं तळं वाटेत लागतं, तिथे नाश्त्याला थांबता येतं. गोव्यातला सायकलवाल्यांचा नाश्ता म्हणजे भाजी-पाव, पातळ भाजी आणि सुकी भाजी मिक्स करून घ्या, वर एक मिरची भजी. केळं आणि एनर्जी बार खात असाल तर खा बापडे.

मयेहून नार्वेला उतरायचं. नार्वेचं श्री सप्तकोटेश्वर देवस्थान चुकवू नका. कदंब राजांचं हे कुलदैवत मुळात दिवाडीवर होतं, तिथलं देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपार इकडे आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. २०२३ मध्ये त्याचं नूतनीकरण झालंय. झाडीत खाली दडलेली शांत जागा, दीपमाळ, आणि कळसाच्या जागी घुमट. सायकलच्या तंग चड्डीवर आत जाऊ नका, एक पातळ लुंगी किंवा ट्रॅकपँट बॅगेत ठेवा, आमच्याकडच्या देवळांतली वडीलधारी माणसं तोंडावर बोलणार नाहीत पण बघतील.

मग नार्वेच्या धक्क्यावरून फेरी पकडून समोर दिवाडी. म्हणजे देव ज्या वाटेने आला त्याच वाटेने तुम्ही उलट जाता, नदी तीच, अंतर दहा मिनिटांचं. या धक्क्यावर गर्दी नसते आणि बोटीही रायबंदरइतक्या सारख्या नसतात, चुकली तर बसून राहायचं. तिथे बसणं वाईट नाही. पलीकडे दिवाडीच्या या टोकाला जुनं नार्वे, मूळ देवळाच्या जागेजवळची जुनी तळी तिथे आहे, गावात कुणालाही विचारलं तर वाट दाखवतील. तिथून बेट आडवं कापून ओल्ड गोव्याची फेरी.

तिसरा: काजूच्या वाटेने

इथे फेरी नाही, पण नियमाचा गाभा तोच, जिथून कुठेच शॉर्टकट जात नाही असा रस्ता. साखळीहून चोर्ल्याकडे जाणारा हायवेसारखा रस्ता टाळा, बेळगावची बरीच वाहतूक तिथून. त्यापेक्षा गाडीने किंवा बसने वाळपई गाठा आणि सायकल तिथून सुरू करा. वाळपईहून नगरगावकडे आणि पुढे ब्रह्माकरमळीला सात-आठ किलोमीटर, एका बाजूला कुळागरं, म्हणजे बागायती, पोफळीची गार सावली, दुसऱ्या बाजूला काजूचे डोंगर. ब्रह्माकरमळीला ब्रह्मदेवाचं देऊळ आहे, मूर्ती कदंबकाळातली, मूळ तिसवाडीतल्या करमळीची, तिथून ती इकडे सत्तरीच्या जंगलात आणली. ज्या करमळी स्टेशनवर तुम्ही सायकल जोडली, तेच ते मूळ गाव.

मार्च उजाडला की या रस्त्यावर हवेतच गोड-आंबट वास असतो. काजूचा बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडला की वेचतात, बी वेगळी काढतात आणि बोंडू भट्टीवर. भट्टी म्हणजे रानातली एखादी झावळ्यांची माटवी. खडकात कोरलेली किंवा सिमेंटची हौदी असते, तिला कोळंबी म्हणतात, त्यात बोंडू तुडवून रस काढतात. उरलेला चोथा गोळा करून त्यावर दगड ठेवतात, त्यातून रात्रभर जो स्वच्छ रस थेंब थेंब पाझरतो तो निरो. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात घालतात, खाली लाकडं, वाफ नळीतून पाण्यात बुडवलेल्या भांड्यात थंड होते. पहिल्या धारेची ती हुर्राक, हलकी, पंधरा टक्क्यांच्या आसपास. हुर्राक परत आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. हुर्राक टिकत नाही, सीझनमध्येच प्यायची, फेणी वर्षानुवर्षं राहते.

सायकलवाल्याने काय प्यावं? निरो. सकाळी ताजा, अगदी भट्टीवरच, घशाला किंचित ओढ लावणारा आणि गोड. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो म्हणून बाटलीत भरून न्यायच्या भानगडीत पडू नका. हुर्राक लिमका-मीठ-हिरवी मिरची घालून लोक सरबतासारखी पितात आणि ती लागतेही सरबतासारखी, गोम तिथेच आहे, उन्हात सायकलवर ती कधी चढते ते कळत नाही. मुक्कामाला पोचून सायकल भिंतीला लावल्यावर हवी तेवढी घ्या, आधी थेंबही नको. भट्टीवर जाताना आवाज देत जा, "येऊ का बघायला" म्हणून विचारा, काम चालू असतं, आगीजवळ असतं, फोटोसाठी माणसाला हलवू नका. बहुतेक जण स्वतःच ओंजळभर निरो देतात, पैसे घेत नसतील तर थोडे काजू विकत घ्या.

वाटेत म्हादई भेटते. हीच पुढे खाली मांडवी होते, म्हणजे पहिल्या दिवशी जिच्यावरून फेरीने गेलात तीच.

गावात वागायचं कसं

दिवाडीची लोकं पाहुणचाराची आहेत पण गेल्या काही वर्षांत सकाळी सकाळी वीस-वीस जणांचे ग्रुप स्पीकर लावून येतात त्याला कंटाळलीत, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. चार-पाच जणांत जा, एका रांगेत चालवा, गाणी घरी. रंगीत घरांचे फोटो काढताना आत माणसं राहतात हे लक्षात असू द्या, गेटमध्ये सायकल टेकवून पोझ देऊ नका. शेताच्या बांधावर सायकल घालू नका, बांध मातीचा असतो, कडा ढासळते आणि खारं पाणी शेतात शिरलं की त्या माणसाचं वर्षाचं पीक जातं.

कुत्री प्रत्येक वाड्यावर आहेत. जोरात पळवलीत तर ती मागे लागणार. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, हळू चालत पुढे, वीस पावलांत त्यांचा इंटरेस्ट संपतो. बायकांना एकटं जायचं असेल तर मी बिनधास्त जा म्हणेन, मीही जाते, फक्त घरी वाट सांगून ठेवा आणि सत्तरीत काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा.

दक्षिण गोव्यात राहणार असाल तर एवढ्या लांब यायची गरज नाही. कुडतरी, राय, चांदर हा पट्टा सपाट, तळ्यांचा आणि भातशेतीचा, साष्टीचं कोठारच म्हणतात कुडतरीला. तिथल्या आतल्या वाटा मला तितक्या पाठ नाहीत म्हणून जास्त सांगत नाही, पण मडगावहून सकाळी सहाला निघालात तर निराश होणार नाही.

पावसाळ्यातलं विचाराल तर जून-जुलैत नवख्यांनी नको, शेवाळ, खड्डे, आणि पावसाच्या सरीत समोरच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. ऑगस्टच्या शेवटाला पाऊस उघडीप देतो, शेतं अशी हिरवी असतात की डोळे दिपतात, तेव्हा मडगार्ड लावून या. फक्त ऑगस्टचा चौथा शनिवार दिवाडीवर बोंदेराच्या उत्सवाचा असतो, सगळा गोवा बेटावर लोटतो आणि फेरीला रांग लागते. त्या दिवशी सायकल रायबंदरलाच कुलूप लावून ठेवा आणि चालत बोटीत चढा. तीन डिसेंबरला ओल्ड गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, तेव्हा ओल्ड गोव्याच्या धक्क्याकडे फिरकू नका, दिवाडीला जायचं तर रायबंदरहून जा आणि रायबंदरलाच परत या.